कामाचे तपशील बसवताना: चाकणमधल्या एका कारखान्याच्या प्रकल्प नोंदी (जून २०२४ ते डिसेंबर २०२५)

व्याप्ती: वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. हजेरीपटावर ४११ जण (कायम कामगार २६८, स्टाफ १४३). कंत्राटी कामगार (कारण पुढे दिलं आहे) आणि ॲप्रेंटिस या कामात धरलेले नाहीत.

३ जून २०२४

पहिलं काम मोजदादीचं. ‘जेडी’ (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे पदाच्या कामाचा लेखी तपशील) या नावाखाली काय काय पडलं आहे ते चार ठिकाणांहून गोळा केलं: एचआरचं सामायिक फोल्डर, गुणवत्ता विभागाची ऑडिटची फाइल, नेमणूकपत्रांच्या मागे जोडलेली पानं आणि भरतीच्या ईमेलमधल्या जोडण्या. एकूण ३४७ फायली. वर्ड २२१, पीडीएफ ८३, एक्सेल ३१, स्कॅन केलेली चित्रं १२. नाव वेगळं पण मजकूर तंतोतंत तोच अशा ७१ निघाल्या. त्या वगळून उरल्या २७६.

पगारपत्रकात पदनामं ११८. त्यात ‘सीनियर ऑपरेटर’, ‘सिनिअर ऑपरेटर’ आणि ‘ऑपरेटर (सी.)’ ही तीन वेगळी पदं म्हणून बसली आहेत. लेखन एकसारखं केल्यावर ७९. प्रत्यक्ष कामं याहून कमी असणार.

फायलींच्या नावांत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल साहेबांनी बघितलेली’ असे प्रकार आहेत. शेवटचीच खरी निघाली.

१० जून

जेडीत काय नको, हे आधी ठरवलं. २७६ पैकी बऱ्याच फायली पूर्ण जेडी नाहीतच. तीन प्रकारची भेसळ आहे.

एक, कार्यसूचना. ‘बोल्ट २२ न्यूटन-मीटरला आवळणे’ हे वाक्य जेडीत सापडलं. टॉर्कचा आकडा ड्रॉइंगबरोबर बदलतो. तो मशीनजवळ लावलेल्या कार्यसूचनेत असायला हवा. जेडीत एवढंच: ‘कार्यसूचनेनुसार जोडणी करणे आणि टॉर्कची नोंद ठेवणे.’

दोन, वार्षिक उद्दिष्टं. ‘ग्राहकाकडची नापसंती ५० पीपीएमच्या खाली आणणे’ (पीपीएम म्हणजे दर दहा लाख भागांमागे) हे त्या वर्षाच्या केआरएचं, म्हणजे वार्षिक उद्दिष्टपत्राचं वाक्य. मार्च संपला की जेडी शिळी.

तीन, व्यक्तीची नावं. ‘वरिष्ठ: अमुक साहेब’. साहेब नोकरी सोडून गेले तरी कागदावर अजून वरिष्ठ. इथून पुढे फक्त पदाचं नाव.

कंत्राटी कामगारांना कंपनीची जेडी द्यायची नाही, यावर एकमत. तिथे मालक कंत्राटदार असतो. मुख्य मालकाने (म्हणजे कंपनीने) स्वतःच्या लेटरहेडवर जबाबदाऱ्या नेमून दिल्या, तर कंत्राट नावापुरतं आहे या दाव्याला तो कागद पुरावा म्हणून लागू शकतो. मशीनवरची कार्यसूचना आणि सुरक्षेचं प्रशिक्षण मात्र सर्वांना सारखंच.

१८ जून

नमुना ठरला. कामगारांसाठी एक पान, स्टाफसाठी जास्तीत जास्त दोन. रकाने असे: क्रमांक, पदनाम, श्रेणी, कुणाला उत्तरदायी, हाताखाली कोणती पदं, पदाचा हेतू (एका वाक्यात), जबाबदाऱ्या (६ ते ९), अधिकार, अनिवार्य पात्रता, इष्ट पात्रता, परवाने, शारीरिक गरजा व परिसर, आवृत्तीचा इतिहास.

‘अनिवार्य’ आणि ‘इष्ट’ वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं. जुन्या जेडींत स्टोअर्सच्या मदतनिसाला पदवी अनिवार्य आहे, आणि त्या कामावरच्या पाचपैकी चार जण बारावी पास. ऑडिटर दुसरं काही बघत नाही, पात्रतेचा रकाना आणि माणसाची फाइल शेजारी ठेवतो. उगाच मोठी लिहिलेली पात्रता आपल्याच गळ्यात येते.

क्रमांक साधे, सलग: जेडी-००१ पासून. विभागाचं संक्षिप्त रूप क्रमांकात घालायची सूचना होती, ती नाकारली. गेल्या तीन वर्षांत पीपीसी (उत्पादनाचं नियोजन व नियंत्रण) विभाग दोनदा या छत्राखालून त्या छत्राखाली गेला आहे. क्रमांकात विभाग असता तर दोन्ही वेळा क्रमांक बदलावे लागले असते. विभाग रजिस्टरच्या रकान्यात असेल, तिथे तो हवा तितक्या वेळा बदलता येतो.

सुरक्षा साधनं, ५-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), गोपनीयता, लैंगिक छळ प्रतिबंध धोरण, अपघात कळवणं या ११ ओळी जवळपास प्रत्येक फायलीत चिकटवलेल्या आहेत, आणि त्यांच्या किमान सहा वेगवेगळ्या आवृत्त्या फिरत आहेत. त्या काढून एका पानाचं ‘परिशिष्ट क’ केलं. प्रत्येक जेडीत आता एकच ओळ: ‘परिशिष्ट क (चालू आवृत्ती) लागू.’

२६ जून

मराठी फायलींचा दिवस. कामगारांच्या ४३ जेडी मराठीत आहेत. त्यातल्या ३१ जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये. दिसायला मराठी, आत रोमन अक्षरं. शोध लागत नाही, रजिस्टरमध्ये उतरवता येत नाही, दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं.

रूपांतराची पद्धत: वर्डच्या शोधात फाँटचं नाव देऊन फक्त त्या फाँटमधला मजकूर निवडायचा आणि तेवढाच कन्व्हर्टरमधून काढायचा. सगळं पान एकदम टाकलं तर मधले इंग्रजी शब्द आणि मशीनचे क्रमांकही ‘मराठीत’ जातात. एका फायलीत सीएनसी मशीनचं मॉडेल ‘घ्ऱड’ का काहीतरी झालं. त्यानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासायच्या: ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटली का, रफार सरकला का, आणि आकडे जागेवर आहेत का.

सगळ्यात छुपा दोष ‘जबाबदाऱ्या’ या शब्दातच. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, शोधात मात्र जुळतीलच असं नाही. ४३ फायलींत हा शब्द शोधला तर २७ सापडल्या. पहिला प्रकार प्रमाण धरून बाकीच्यांत बदल केला. पुढेही हाच नियम.

३ जुलै

मुलाखती सुरू. प्रत्येक भूमिकेला: काम करणाऱ्याबरोबर ४० मिनिटं, त्याच्या वरिष्ठाबरोबर वेगळी २० मिनिटं, आणि जागेवर उभं राहून अर्धा तास निरीक्षण. दोघांना एकत्र बसवायचं नाही. बसवलं की खालचा गप्प.

‘तुमच्या जबाबदाऱ्या काय?’ हा प्रश्न बंद. त्याला जुन्या जेडीतलंच उत्तर मिळतं. त्याऐवजी: काल शिफ्टला आल्यापासून काय काय केलं, क्रमाने सांगा. महिन्यातून एकदाच येणारं काम कोणतं? तुम्ही रजेवर असता तेव्हा काय अडतं? कशासाठी वर विचारावं लागतं? या शेवटच्या प्रश्नातून अधिकाराचा रकाना आपोआप भरतो.

९ जुलै

एकच पद, तीन शिफ्ट, तीन कामं. शिफ्ट इन्चार्जची जेडी एक. पण रात्रपाळीला स्टोअर्स बंद असतं, म्हणून इन्सर्ट (कापणाऱ्या टूलची बदलती टोकं) आणि ड्रिल तोच देतो, किल्ली त्याच्याकडे. डिस्पॅचची शेवटची गाडी पहाटे निघते, गेटपासवर सहीही त्याचीच. हे कुठेही लिहिलेलं नाही. महिनाअखेरीस इन्सर्टचा हिशेब जुळला नाही की प्रश्न स्टोअर्सला विचारला जातो आणि स्टोअर्स रास्तपणे हात वर करतं.

वेगळी जेडी काढायची नाही, कारण माणसं शिफ्ट बदलत राहतात. त्याच जेडीत ‘फक्त तिसऱ्या पाळीत’ असा उपविभाग: टूल देणं व नोंदवणं, गेटपासवर सही, आणीबाणीत विद्युत पर्यवेक्षकाला बोलावणं.

१६ जुलै

उद्या आषाढी. मुलाखती दोन दिवस बंद.

२९ जुलै

भाषेची साफसफाई. मराठी जेडींचा खरा रोग कर्मणी प्रयोग. ‘मशीनची स्वच्छता करण्यात यावी.’ कुणी? ‘योग्य ती काळजी घेतली जावी.’ कुणी, कसली? सगळी वाक्यं ‘-णे’वर आणली, म्हणजे कर्ता आपोआप त्या पदाचा माणूस.

वर्ज्य क्रियापदांची यादी भिंतीवर लावली: लक्ष देणे, पाहणे, हातभार लावणे, समन्वय साधणे, सहकार्य करणे. त्यांच्या जागी: मोजणे, नोंदवणे, तपासणे, मंजूर करणे, नाकारणे, थांबवणे, कळवणे. ‘समन्वय साधणे’ काढलं की खाली दोनच शक्यता उरतात: एक तर खरं काम सापडतं (‘दररोज सकाळी ९ पर्यंत पीपीसीला तयार मालाचा आकडा कळवणे’), नाहीतर काहीच सापडत नाही आणि ओळ जाते. स्टाफच्या जेडींतून अशा ओळी भराभर गळाल्या. मॅनेजर मंडळींना त्याचं दुःख झालं, कारण पान अर्धं राहिलं.

‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ ही ओळ ठेवली, पण बांधून: ‘त्याच श्रेणीची, प्रशिक्षण झालेली, तात्पुरती कामे.’

६ ऑगस्ट

अधिकाराचा रकाना. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्तेच्या मानकात जेडी हवीच असं कलम नाही. कलम ५.३ एवढंच मागतं की जबाबदाऱ्या आणि अधिकार नेमून दिलेले, कळवलेले आणि समजलेले असावेत. जेडी हा ते दाखवण्याचा सोपा मार्ग. वाहन उद्योगाचं मानक आयएटीएफ १६९४९ मात्र ५.३.२ मध्ये पुढे जातं: गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्याकडे, त्यांना उत्पादन आणि माल पाठवणं थांबवण्याचा अधिकार हवा, आणि प्रत्येक पाळीत असा माणूस हवा.

आपल्याकडे हा अधिकार फक्त गुणवत्ता प्रमुखाच्या जेडीत. ते दिवसपाळीत असतात. रात्री दोन वाजता लाइनवर चुकीचा भाग दिसला तर थांबवायचं कुणी, याचं कागदावर उत्तर नाही. आता शिफ्ट इन्चार्ज, लाइन इन्स्पेक्टर आणि पीडीआयचा (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) निरीक्षक या तिघांच्या जेडीत सरळ वाक्य: ‘सदोष माल आढळल्यास लाइन थांबवणे, माल पाठवणे रोखणे, पूर्वपरवानगीची गरज नाही.’ शेवटच्या तीन शब्दांवर उत्पादन विभागाशी दीड तास घासाघीस झाली. ते राहिले.

२० ऑगस्ट

पर्यवेक्षकांच्या जेडी कायदा सल्लागारांकडून तपासून आल्या. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २(एस) प्रमाणे मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा पर्यवेक्षकाचं काम करून महिना १०,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा, ‘कामगार’ ठरत नाही. म्हणून जुन्या काळी कुणीतरी सुपरवायझरच्या जेडीत ‘रजा मंजूर करणे’, ‘शिस्तभंगाची कारवाई करणे’ अशा ओळी भरून ठेवल्या. प्रत्यक्षात तो रजेची शिफारस करतो, मंजुरी एचआरच्या प्रणालीतून विभागप्रमुख देतो.

अशा ओळींचा उपयोग शून्य. एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पदनाम गौण, मुख्य काम काय आहे ते महत्त्वाचं. कागदावर एक आणि जागेवर दुसरं निघालं की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो. ‘मंजूर करणे’ काढून ‘शिफारस करणे’ केलं. नऊ पदांत.

४ सप्टेंबर

कामगारांना नव्या जेडी वाटायला सुरुवात, आणि दुसऱ्याच दिवशीची पोहोच थांबली. युनियनचा आक्षेप: जुन्या पानावर पाच ओळी, नव्यावर आठ, म्हणजे काम वाढवलं. आक्षेप चुकीचा असला तरी शंका अगदी स्वाभाविक. सहीसाठी कागद पुढे करताना सोबत फरक दाखवला नव्हता.

दुरुस्ती: प्रत्येक जेडीच्या मागे तीन स्तंभांचा तक्ता. काय काढलं, काय नव्याने लिहिलं, आणि नव्याने लिहिलेलं काम आधीपासून होतं की खरोखर नवीन. वर ठळक ओळ: ‘श्रेणी व वेतनात कोणताही बदल नाही.’ सहीच्या जागी ‘मान्य’ऐवजी ‘प्रत मिळाली व समजली’. युनियनच्या कमिटीसमोर २२ जेडी ओळीओळीने वाचल्या. दोन ठिकाणी काम खरंच नवीन होतं. ती मागे घेतली. श्रेणीचं वर्गीकरण बदलणार असेल तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे २१ दिवसांची नोटीस लागते. ती वाट जेडीच्या दुरुस्तीतून काढायची नाही.

शनिवारी गणपती. उरलेली वाटप विसर्जनानंतर.

२३ सप्टेंबर

पोहोच २६८ पैकी २५९. उरलेले नऊ दीर्घ रजेवर.

शारीरिक गरजांचा रकाना भरून झाला. ‘धडधाकट असावा’ आणि ‘पुरुष उमेदवार’ हे शब्द सगळीकडून काढले. दुसरा तर समान वेतन कायदा १९७६ च्या कलम ५ मध्येच अडकतो. त्यांच्या जागी मोजून लिहिलं: ‘६ किलोचा भाग एका पाळीत सुमारे ४०० वेळा कमरेच्या उंचीवरून उचलणे’, ‘पाळीतला बहुतेक वेळ उभे राहून’, ‘रंगांतला फरक ओळखणे आवश्यक’. याचा दुसरा उपयोग: दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला समान संधी धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी द्यावी लागते. ती यादी आता या रकान्यातून काढता येते. पूर्वी अंदाजाने लिहिली होती.

८ ऑक्टोबर

रजिस्टर उभं राहिलं. एक ओळ म्हणजे एक जेडी. शेवटी भूमिका ६४.

पगारपत्रकातले ४११ जण जेडी क्रमांकांशी जोडले तेव्हा पहिल्या फेरीत ५७ जुळले नाहीत. त्यातले ३८ निव्वळ तांत्रिक: पगाराच्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या पदनामाच्या शेवटी न तुटणारी रिकामी जागा असते. एक्सेलचं ट्रिम सूत्र ती काढत नाही. सब्स्टिट्यूट वापरून कॅरॅक्टर १६० काढावं लागतं, मग ट्रिम. दुसरी नेहमीची चूक कर्मचारी क्रमांकाची: ‘००४१२’ चं ‘४१२’ होतं. स्तंभ आधीच मजकूर प्रकारचा करून मगच डेटा आत घ्यायचा.

उरलेले १९ खरे. रोबो सेलचे तंत्रज्ञ, सीएमएम या यंत्रावर मोजमाप करणारे, आणि ड्रायव्हर म्हणून लागलेले पण पाच वर्षं डिस्पॅचची कागदपत्रं सांभाळणारे दोघं. उलट बाजूने अकरा जुन्या जेडींना माणूसच नव्हता. त्यात ‘टेलेक्स ऑपरेटर’ही आहे. ती ‘रद्द’ फोल्डरमध्ये. खोडायची नाही, जुन्या नेमणूकपत्रांत तिचा संदर्भ असू शकतो.

चालू फोल्डरमध्ये प्रत्येक क्रमांकाची एकच पीडीएफ, वाचनापुरती. वर्डची मूळ प्रत दोघांकडेच. भरतीवाल्यांनी जाहिरातीसाठी मजकूर उचलावा, पण जाहिरातीचा सुशोभित मजकूर परत जेडी बनून आत यायला नको. आधीच्या २७६ पैकी किमान ३० अशाच मागच्या दाराने आल्या होत्या.

१२ नोव्हेंबर

जेडी शिळी का होते, याचं उत्तर सगळ्या मुलाखतींत एकच निघालं: काम बदलतं त्या दिवशी एचआरला कळत नाही. वर्षातून एकदा एप्रिलमध्ये ‘सगळ्या तपासा’ म्हटलं की विभागप्रमुख एका दुपारी गठ्ठ्यावर सह्या करतात. म्हणून तपासणी घटनेला बांधली, आणि प्रत्येक घटना आधीच चालू असलेल्या कागदावर टांगली. नवीन फॉर्म एकही नाही.

नवीन मशीन किंवा पद्धत: ४-एम (माणूस, मशीन, माल, पद्धत) बदलाच्या पत्रकात एक चौकोन, ‘जेडीवर परिणाम? हो / नाही’. भरती: मनुष्यबळ मागणीपत्रावर जेडी क्रमांक आणि बारा महिन्यांच्या आतली तपासणी नसेल तर ते पुढे जात नाही. बदली, बढती: आदेशातच नवा जेडी क्रमांक. ग्राहक तक्रार किंवा अपघात: कारणमीमांसेत ‘जबाबदारी स्पष्ट नव्हती’ असं निघालं तर सात दिवसांत जेडी. परवान्याची मुदत: बॉयलर अटेंडंट, विद्युत पर्यवेक्षक यांच्या तारखा रजिस्टरमध्ये, ६० दिवस आधी पिवळ्या.

यातून जे सुटेल त्यासाठी महिन्याला पाच किंवा सहा जेडींची पाळी, क्रमांकाने. वर्षात ६४ पूर्ण.

११ फेब्रुवारी २०२५

तीन महिन्यांचा हिशेब. ४-एमची ४१ पत्रकं, सगळ्यांवर ‘नाही’. चौकोन न वाचता टिकला गेला. प्रश्न बदलला: ‘या बदलानंतर कोणतं काम नव्याने कोण करेल? कोणतं काम बंद होईल?’ आता शब्दांत लिहावं लागतं, टिक करता येत नाही. मागची ४१ पत्रकं पुन्हा पाहिली, सहांमध्ये जेडी बदलायला हवी होती.

मागणीपत्राची अट मात्र पहिल्या दिवसापासून चालली. माणूस हवा असतो तेव्हा विभागप्रमुख जेडी त्याच दुपारी वाचून देतात.

१७ जून २०२५

क्रमांकाच्या पाळीने तपासलेल्या ३७ जेडींपैकी २१ ‘बदल नाही’. त्यातल्या पाच नमुन्यादाखल जागेवर जाऊन पडताळल्या. दोनमध्ये बदल होता. टूल रूमच्या फिटरकडे आता वायर कटिंगचा प्रोग्रॅमही आहे. यापुढे ‘बदल नाही’ लिहिणाऱ्याने काम करणाऱ्याची सहीही आणायची.

२ डिसेंबर २०२५

२१ नोव्हेंबरपासून चारही कामगार संहिता लागू. औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाची वेतनमर्यादा १०,००० वरून १८,०००. वेतनाची व्याख्याही बदलली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे कोण कुठे बसतो हे पगारविभागाच्या नव्या आकड्यांवरच ठरवावं लागेल.

जुन्या कायद्यांची नावं जेडींत शोधली. परिशिष्ट क मध्ये चार जागी, बाकी ६४ मध्ये फक्त तीन ठिकाणी. दुपारपर्यंत काम झालं. परिशिष्ट क आवृत्ती ४ सूचनाफलकांवर मराठी आणि इंग्रजीत लावली.

बाकी: जेडी-०२२ (शिफ्ट इन्चार्ज) च्या तिसऱ्या पाळीच्या उपविभागातून टूल देण्याचं काम काढायचं आहे, कारण स्टोअर्सजवळ टूल देणारं स्वयंचलित कपाट पुढच्या आठवड्यात चालू होतंय. ४-एम पत्रक आलेलं आहे. किल्ली कुणाकडे राहणार, ते त्यात लिहिलेलं नाही; परत पाठवलं.